इंधनाचा घरगुती हिशेब आणि दुसऱ्या चुलीची तरतूद

वर्षाचे धान्य कसे भरून ठेवावे हे आपल्या शेतकरी कुटुंबास कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. मृगाच्या अगोदर ज्वारी, तुरीची डाळ, मिरची व मीठ घरात येऊन पडले पाहिजे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्या विस्तवावर हे धान्य शिजवावयाचे त्याचीही तरतूद पूर्वी याच सुमारास होत असे. परसात गोवऱ्यांची रास शाकारली जाई, पडवीत सरपण रचले जाई आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा भरलेला असे. आजमितीस धान्याची रीत बहुतांश टिकून आहे. इंधनाची मात्र मोडली आहे. गॅसचे सिलिंडर संपले की फोन करावा आणि दुसरे यावे, एवढ्यावरच घराची सारी मदार राहिली आहे. हे सिलिंडर वेळेवर आले नाही, अथवा परवडेनासे झाले, तर घराने काय करावे, याचा विचार टंचाई येण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.

या विवेचनासाठी बहादरपुर हे गाव समोर ठेवले आहे. बऱ्हाणपूर शहराला अगदी जवळ असलेले हे गाव मध्य प्रदेशात मोडते. परंतु महाराष्ट्राची सीमा येथून फार दूर नाही आणि रावेर-मुक्ताईनगरकडील खानदेशाशी या भागाचे पीकपाणी, बोली व सोयरसंबंध असे तिन्ही प्रकारचे नाते आहे. कापूस, केळी, तूर ही येथील शेती आणि यंत्रमाग हा बऱ्हाणपूर परिसराचा मोठा धंदा. त्यामुळे इंधनाची महागाई येथील घरात एका दाराने येत नाही. चुलीपाशी ती गॅसच्या रूपाने येते, रानात पंपाच्या विजेच्या किंवा डिझेलच्या रूपाने येते, आणि वीज गेली म्हणजे माग थांबून मजुरीच्या रूपानेही येते. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या दाराचा, म्हणजे स्वयंपाकघराचा विचार केला आहे.

टंचाई नवी नाही

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. १९७९ मध्ये इराणात राज्यक्रांती झाली, तेव्हा तीच गत झाली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि आपल्याकडे रॉकेलच्या दुकानापुढे डब्यांच्या रांगा लागल्या. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले आणि त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत घरगुती सिलिंडराचा दर एक हजार रुपयांच्या वर गेला. जून २०२५ मध्ये इस्रायल व इराण यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जहाजे जाणार की नाही याची चिंता साऱ्या जगाला लागली होती. त्या सामुद्रधुनीशी बहादरपुरातील चुलीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातील पंच्याऐंशीहून अधिक पिंपे बाहेरून येतात आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो. त्यातील फार मोठा भाग आखाती देशांतून, त्याच अरुंद जलमार्गाने येत आला आहे.

याच काळात घरातील परिस्थिती मात्र पालटली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि पुढे देशातील दहा कोटींहून अधिक कुटुंबांना या योजनेखाली गॅसजोडणी मिळाली. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या, खोकल्याने बेजार झालेल्या लक्षावधी गृहिणींची त्यामुळे सुटका झाली, हे नि:संशय मोठे काम आहे. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. परंतु एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गॅस आला आणि त्याबरोबर घरातील इतर पर्याय नाहीसे झाले. शिधापत्रिकेवरील रॉकेल अनेक राज्यांतून गेले किंवा नाममात्र उरले. पक्की घरे झाली, त्यांत चुलीला जागाच ठेवली गेली नाही. पूर्वी ज्या घरात तीन इंधने होती, तेथे आता एकच आहे. सुबत्तेच्या काळात ही सोय वाटते. टंचाईच्या काळात याच सोयीची अडचण होते. मग घाईघाईने तीन दगड मांडले जातात, ओले सरपण पेटविले जाते आणि गेलेला धूर पुन्हा घरात शिरतो. त्याची झळ सर्वांत आधी गृहिणीला व तिच्या कडेवरच्या मुलाला लागते.

प्रथम मोजमाप

पाच माणसांचे, तीन एकर रान, दोन म्हशी व एक बैलजोडी असलेले एक कुटुंब कल्पावे. एक एकर कापूस, एक एकर केळी आणि उरलेल्या एकरात ज्वारी व तूर. अशा कुटुंबाने तयारीचा आरंभ कोठून करावा? आमच्या मते कॅलेंडरापासून. भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयावर सिलिंडर लावल्याची तारीख लिहावी आणि ते संपल्याची लिहावी. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. तो चाळीस दिवस पुरला तर रोजचा खर्च सुमारे ३५५ ग्रॅम झाला. तीस दिवसांत संपला तर ४७० ग्रॅमच्या वर गेला. तीन सिलिंडरांच्या नोंदी झाल्या की आपले घर कोठे उभे आहे हे कळते, आणि पुढे केलेली कोणतीही काटकसर खरोखर उपयोगी पडली की नुसती वाटली, हेही कळते.

सिलिंडर घेताना ते वजन करून घेण्याचा ग्राहकास हक्क आहे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर कोरलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवावेत व काट्यावर तेवढे भरते की नाही हे पाहावे. टाकीच्या गळ्याजवळील पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व वर्षाचे अंक असतात. वर्षाच्या कोणत्या तिमाहीपर्यंत त्या टाकीची तपासणी वैध आहे, हे ते अक्षर सांगते. मुदत उलटलेली टाकी परत करावी. गॅसगळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते. तो क्रमांक स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने लिहून ठेवलेला बरा.

ज्यांची ऐपत असेल त्यांनी दुसऱ्या सिलिंडराची जोडणी करून घ्यावी. सर्वांत सोपा राखीव साठा तोच होय. एक संपून दुसरे लावले की त्याच दिवशी मागणी नोंदवावी. मात्र याहून अधिक टाक्या घरात दडवून ठेवणे बेकायदेशीर व धोक्याचे आहे, शिवाय एकाने दडविलेली टाकी शेजाऱ्याच्या चुलीवरूनच उचललेली असते.

भांड्याखालची काटकसर

इंधन वाचविण्याचे जे उपाय आहेत ते बहुतेक सर्व गृहिणींना ठाऊक असतात, पण कोणत्या उपायाने किती वाचते याचे तारतम्य सांगितले जात नाही. झाकण ठेवणे, उकळी आल्यावर आच मंद करणे आणि कुकर वापरणे हे तीन उपाय पहिल्या पंक्तीतले. पाणी एकदा उकळले की मोठ्या आचेने ते अधिक गरम होत नाही. त्याची फक्त वाफ होते. कडधान्ये रात्रभर व डाळ तासभर भिजविणे हा दुसऱ्या पंक्तीतला. पाणी जड असेल, म्हणजे त्यात चुन्याचे क्षार अधिक असतील, तर तूर लवकर शिजत नाही. अशा ठिकाणी डाळ शिजविण्यापुरते पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी किंवा नदीचे गाळून घेतलेले पाणी वापरून पाहावे, फरक दिसेल. बर्नरची भोके साफ ठेवणे, ज्योत निळी आहे हे पाहणे ही किरकोळ वाटणारी पण वर्षभर चालणारी बचत आहे.

याशिवाय एक जुना उपाय आहे. तो गरिबीचा समजून मागे पडला. वास्तविक तो शास्त्रशुद्ध आहे. भात किंवा डाळ उकळून दहा मिनिटे शिजली की झाकणासह पातेले उतरवावे आणि वाळलेले गवत, टाकाऊ कापूस किंवा जुन्या गोधड्या भरलेल्या टोपलीत गच्च बसवून वरून तितक्याच जाडीचे पांघरूण घालावे. आतील उष्णता बाहेर जाण्यास वाट न मिळाल्यामुळे पुढचे शिजणे विस्तवाशिवाय होते. भाताला पाऊण ते एक तास लागतो, डाळीला दोन-तीन. कापूस हा उष्णतेला अडवून धरणारा उत्तम पदार्थ आहे, आणि बऱ्हाणपूर परिसरात कापसाचा व सुताचा टाकाऊ भाग मिळण्यास अडचण पडू नये. अन्न मात्र वाफाळते असतानाच वाढावे, रात्रभर तसेच ठेवू नये. आणि टोपली विस्तवापासून दूर ठेवावी.

पऱ्हाटीची किंमत

आता दुसऱ्या चुलीकडे वळू. खानदेश-निमाड पट्ट्यात वांग्याचे भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजतात, आणि ती चव गॅसवर येत नाही असे खवय्ये सांगतात. चवीचा भाग सोडून दिला तरी या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, हे या पट्ट्यातील सर्वांत मोठे घरचे इंधन आहे. बागायत-कोरडवाहूप्रमाणे कमीअधिक होईल, परंतु एक एकर कपाशीतून सुमारे एक टन वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरण्यास हरकत नाही. तिच्या एका किलोत लाकडाइतकीच, म्हणजे सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता असते.

पण तीन दगडांच्या अथवा साध्या चुलीत यांतील दहावा हिस्साच भांड्याला पोचतो. उरलेली उष्णता धुराबरोबर व बाजूने निघून जाते. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात आणि त्यांतील साठ टक्के भांड्याला मिळतात. हिशेब केला तर असे दिसते की, एका सिलिंडराचे काम साध्या चुलीवर करण्यासाठी सव्वादोनशे किलोहून अधिक सरपण जाळावे लागेल. चूल सुधारली, तिला जाळी, योग्य मापाचे तोंड, वैल आणि धुराडे दिले व भांड्याला वीस टक्के उष्णता मिळू लागली, तर याच कामाला निम्मे सरपण पुरेल. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, एका एकराची पऱ्हाटी साध्या चुलीवर चार सिलिंडरांची आणि चांगल्या निर्धूर चुलीवर आठ सिलिंडरांची भरपाई करते. एवढे इंधन आपण बांधावर पेटवून देतो.

तथापि पऱ्हाटी साठविण्याचा सल्ला डोळे मिटून देता येत नाही. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या काड्यांवर राहिलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून बसते आणि उन्हाळ्याअखेर, पहिल्या पावसाच्या आसपास, तिचे पतंग बाहेर पडून नव्या कपाशीवर अंडी घालतात. २०१७ साली महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांनी या अळीचा तडाखा अनुभवला आहे. म्हणूनच फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा आणि गंजी शेताजवळ ठेवू नका, असे कृषी खाते वारंवार सांगते. इंधनासाठी पऱ्हाटी राखणाऱ्याने हा सल्ला धुडकावून लावला तर चूल पेटेल, पण पुढचे पीक जाईल.

मार्ग असा आहे. हंगाम संपताच, शक्यतो जानेवारीअखेरपर्यंत, झाडे मुळासकट काढावीत. काड्यांवरील सर्व किडकी बोंडे झोडून किंवा खुडून वेगळी करावीत व लगेच जाळावीत. उरलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधून त्या शेतात न ठेवता घराजवळ आणाव्यात आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांतच वापराव्यात. पावसाळ्यासाठी जे सरपण राखावयाचे ते पऱ्हाटीचे न राखता तुराट्यांचे राखावे. शेजारच्या खेड्यांत पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र भाड्याने मिळत असेल तर अधिकच चांगले. भुग्यापासून दाबून केलेल्या कांड्या व गोळ्या जागा कमी व्यापतात, सारख्या जळतात आणि त्यांत कीड टिकत नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या अशा उपयोगावर पुष्कळ काम केलेले आहे. एखाद्या बचतगटाने किंवा सहकारी संस्थेने हा उद्योग हाती घेण्याजोगा आहे.

निर्धूर चुलीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता आणि तो २००२ पर्यंत चालला. लक्षावधी चुली बांधल्या गेल्या. त्यांतील अनेक थोड्याच दिवसांत बंद पडल्या, आणि कारणे अगदी साधी होती : धुराडे काजळीने बुजले ते कोणी साफ केले नाही, चुलीचे तोंड मोठे भांडे बसावे म्हणून घरीच फोडून रुंद केले, तडा गेला तो लिंपला नाही. चूल बांधून देणारा निघून गेला की ती सांभाळणारा गावात कोणी नसे. पुण्याच्या ‘आरती’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने गावोगावच्या कुंभारांनाच चुली करण्याचे शिक्षण देण्याचा मार्ग धरला, तो याच दृष्टीने योग्य होता. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या आणि घरगुती कचऱ्यावर चालणाऱ्या लहान गॅससंयंत्राच्या कामाबद्दल या संस्थेला २००२ व २००६ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पारितोषिके मिळाली. ज्या घरात चूल असेल तेथे धुराडे महिन्यातून एकदा काढून झटकावे, आणि चूल पडवीत, उघड्या हवेशीर जागी असावी. एवढी पथ्ये सांभाळली तरी पुष्कळ आहे.

गोबरगॅस : लहान पण भरल्या पोटी

आपण कल्पिलेल्या कुटुंबाकडे चार जनावरे आहेत. मोठे जनावर दिवसाला सरासरी दहा किलो शेण देते असे धरले तर चाळीस किलो शेण झाले. एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो शेण व तितकेच पाणी लागते. बैल दिवसभर रानात असतात, तेथले शेण घरी येत नाही. म्हणून या कुटुंबाने दोन घनमीटरचे संयंत्र बांधण्याचा मोह टाळून एकच घनमीटरचे बांधावे. मोठे संयंत्र अर्धपोटी ठेवले की गॅस मिळत नाही, घरात कुरकुर सुरू होते आणि वर्षभरात खड्ड्यात केरकचरा पडू लागतो. बंद पडलेल्या कित्येक संयंत्रांमागे हीच गोष्ट असते. जनावरे विकली जाणे हे दुसरे कारण. त्यावर मात्र कोणत्याही गवंड्याजवळ उपाय नाही.

एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सिलिंडरातील सुमारे ४३० ग्रॅम गॅस. महिन्याचा हिशेब तेरा किलोच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर. थंडीत जंतूंचे काम मंदावते आणि गॅस कमी पडतो. त्या दिवसांत संयंत्राभोवती गवताचे किंवा पाचोळ्याचे आच्छादन द्यावे व शेण कालवण्यास कोमट पाणी घ्यावे. उलट या भागातील कडक उन्हाळा संयंत्राला मानवतो.

हे तंत्र परदेशातून कालपरवा आलेले नाही. मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावण्यात आले होते. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र तयार केले आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते खेड्यापाड्यांत नेले. १९८४ साली आलेल्या ‘दीनबंधू’ नमुन्यात लोखंडी टोपी नसून विटांचा घुमट असतो. त्यामुळे गंजण्याची भीती नाही, पण घुमट बांधण्यास कसबी गवंडी हवा. नवशिक्याने बांधलेल्या घुमटातून गॅस झिरपतो. देहू येथील डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या गॅससंयंत्राचा प्रसार केला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. शौचालयाच्या जोडणीविषयी अनेकांच्या मनात अढी असते. ती बोलून, दाखवून कमी होते, आदेश काढून नाही.

संयंत्रातून बाहेर पडणारी मळी ही या व्यवहारातील दुसरी कमाई. केळीबागेला सेंद्रिय खताची भूक फार. शेण गोवरी होऊन जळाले तर त्यातील नत्र हवेत जातो. संयंत्रातून गेले तर गॅसही मिळतो आणि नत्र रानात परत जातो. केळीची खोडे मात्र इंधन म्हणून निरुपयोगी आहेत, त्यांत पाण्याचाच भाग अधिक. ती कुजवावीत.

विजेचा पर्याय आणि त्यातील खाचखळगे

गॅसऐवजी विजेची शेगडी वापरावी काय, हा प्रश्न हल्ली पुष्कळ जण विचारतात. इंडक्शन शेगडीत विजेची उष्णता फारशी वाया जात नाही, हे खरे. हिशेबाने एका सिलिंडराचे काम करण्यास सुमारे १२५ ते १३० युनिट वीज लागते. आपल्या बिलावरील दर पाहून या आकड्यास गुणावे म्हणजे स्वस्त काय ते ज्याचे त्याला कळेल. परंतु येथे एक मेख आहे. मध्य प्रदेशात अलीकडच्या वर्षांत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांना पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच आकारण्याची सवलत देण्यात आली आहे. सारा स्वयंपाक विजेवर नेला तर दिवे-पंखे धरून हे कुटुंब ती मर्यादा ओलांडणार, आणि सवलत गेल्यामुळे वाढणारे बिल वाचलेल्या गॅसपेक्षा जड जाईल. म्हणून शेगडी ही गॅस उशिरा आला तर चार दिवस निभावण्यापुरती ठेवावी. एप्रिल २०२२ मध्ये उष्म्याची लाट व कोळशाचा तुटवडा एकदम आला, तेव्हा अनेक राज्यांत भारनियमन करावे लागले होते. विजेलाही टंचाई चुकलेली नाही.

मर्यादेच्या आत राहण्याचे उपाय मात्र सोपे आहेत. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीचा ३० वॅटच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. साठ वॅटच्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा आता बहुतेक घरांत आला आहे. गोठ्यात आणि न्हाणीघरात जुना बल्ब उरला असेल तर तोही काढावा.

पाणी चढविणारी मोटर अनेकांच्या हिशेबात येतच नाही. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर रोज तासभर चालली की महिन्याला पंधरा युनिटांच्या आसपास जातात. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. घरोघरी नळ आला. या नळामागेही कोठेतरी पंप चालतो. याच शहरात इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपलेले पाणी भुयारी मार्गाने व कुंड्यांच्या ओळीने केवळ उताराच्या बळावर गावात आणले गेले. त्या कुंडी भंडाऱ्याला चार शतकांत थेंबभर तेल लागलेले नाही. तसे काम प्रत्येक गावात करता येणार नाही. परंतु वीज असताना टाकी भरून ठेवणे आणि गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करणे एवढे करता येते.

छतावरील सौरवीज हा दीर्घ पल्ल्याचा उपाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये व तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले. एका किलोवॅटपासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. अर्ज करण्यापूर्वी एवढे मात्र जाणून घ्यावे की, बॅटरी नसलेली, वीजवाहिनीला जोडलेली सौरयंत्रणा भारनियमनात स्वत:ही बंद पडते. वाहिनीवर काम करणाऱ्या तारतंत्र्याला धक्का बसू नये म्हणून ती तशी केलेली असते. विक्रेते हे आवर्जून सांगतीलच असे नाही. सूर्यचुलीचा अनुभव वेगळा. दोन-तीन तास थांबण्याची तयारी असेल तर पेटीची सूर्यचूल वरण-भात करते, पण पावसाळ्याचे चार महिने तिच्यावर विसंबता येत नाही. मोठ्या प्रमाणावर हे तंत्र उपयोगी पडते याचा दाखला शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ साली बसविलेल्या सौर वाफ-स्वयंपाकगृहाने दिला आहे.

शाळा व ग्रामसभा

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना घरचे वीजमापक आठवड्यातून एकदा वाचून आकडा वहीत लिहावयास सांगावा आणि गणिताच्या तासाला त्यावरून आलेख काढून घ्यावा. शाळेतील मध्यान्ह भोजनास लागणाऱ्या सिलिंडराच्या तारखा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्या तर टक्केवारीचे गणित आपोआप समोर येते. मुलाने घरी विचारलेला प्रश्न अधिकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नापेक्षा अधिक मनावर घेतला जातो, असा आमचा अनुभव आहे.

ग्रामपंचायतीने दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारार्थ घ्याव्यात : पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र कोणत्या गावात आहे व त्याचे भाडे किती; बंद पडलेल्या गोबरगॅस संयंत्रांपैकी किती थोड्या खर्चात चालू होतील; आणि निर्धूर चूल व घुमट बांधणारा गवंडी जवळपास कोण आहे. दिवाळीनंतरची वेळ सुचविण्यास कारण आहे. कापसाची वेचणी चालू असते, पऱ्हाटी उपटण्यास महिना-दोन महिने अवकाश असतो, गवंड्याला पावसाची अडचण नसते आणि फेब्रुवारीपर्यंत बांधून झालेले संयंत्र उन्हाळ्याच्या पहिल्या तापात चांगला गॅस धरू लागते.